तान्हं बाळ, दूध आणि सोया: बंद केलेलं परत कधी द्यायचं?

दीड महिन्याचं, फक्त अंगावर पिणारं बाळ. वजन नीट वाढतंय, हाका मारल्या की हसतंय. एके सकाळी लंगोट बदलताना शीमध्ये चिकट शेम दिसते आणि त्यात रक्ताची बारीक रेघ. तासाभरात घरात तीन निदानं तयार होतात. आजींच्या मते आईच्या खाण्यात काहीतरी उष्ण गेलं. जवळच्या दवाखान्यात 'लॅक्टोज इनटॉलरन्स' म्हणून थेंब लिहून मिळतात. परदेशातली मावशी फोनवर सांगते, 'आमच्याकडे याला मिल्क-सोया प्रोटीन इनटॉलरन्स म्हणतात, दोन्ही बंद कर.' संध्याकाळपर्यंत बाळंतिणीच्या ताटातून दूध, दही, ताक, तूप सगळं जातं, आणि खबरदारी म्हणून तूरडाळही. आठवडाभरात शी स्वच्छ होते. दूधच बाधत होतं हे सिद्ध झालं, असं सगळे धरून चालतात.

ते सिद्ध झालेलं नसतं. फिनलंडमधल्या टाम्पेरे इथल्या डॉक्टरांनी शीतून रक्त जाणाऱ्या ४० तान्ह्या बाळांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. दूध बंद करून आणि नंतर मुद्दाम परत देऊन पाहिल्यावर गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी नक्की ठरली ती १८ टक्के बाळांमध्ये. बाकीच्यांचं रक्त आपोआप थांबलं होतं. दूध बंद केल्याने ते लवकर थांबलं, असंही दिसलं नाही. या विषयावरचं बरंच काही वाचून झाल्यावर माझं मत असं झालं आहे की दूध बंद करण्याचा सल्ला सगळेच देतात, आणि ते परत देऊन बघायचं मात्र बहुतेक ठिकाणी राहून जातं. सुरुवातीला राहतं म्हणून नको त्या बाळांवर शिक्का बसतो. वर्षभरानंतर राहतं म्हणून बरं झालेलं मूलही पथ्यावरच राहतं.

आधी लॅक्टोजचा गोंधळ निस्तरायला हवा. लॅक्टोज ही दुधातली साखर. आईच्या दुधात ती सुमारे ७ टक्के असते, म्हणजे गाईच्या दुधापेक्षा जास्तच. ती जन्मतःच न पचण्याचा विकार अतिशय दुर्मिळ आहे, आणि त्याची माहिती प्रामुख्याने फिनलंडमधून आलेली आहे. मोठ्या माणसांना दूध प्यायल्यावर गॅस होतो त्यामागे लॅक्टोज असतं, पण ते पचवणारं विकर कमी होऊ लागतं ते साधारण दोन-पाच वर्षांच्या वयापासून पुढे. तान्ह्या बाळात लॅक्टोजचा त्रास झालाच तर तो बहुधा जोरदार जुलाबानंतर, आतड्याचं अस्तर सोललं गेल्यामुळे, आणि तोही तात्पुरता. 'शीत साखर निघाली' या रिपोर्टवरून अंगावरचं दूध तोडल्याच्या गोष्टी ऐकू येतात. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाच्या शीतही ती साखर सापडतेच.

इथला प्रश्न साखरेचा नाही, प्रथिनांचा आहे. पनीर करताना कापडात जो चोथा राहतो तो मुख्यतः केसीनचा आणि खाली जी हिरवट निवळ उरते त्यात व्हे प्रथिनं. गाईच्या दुधातल्या प्रथिनांमध्ये त्यांचं प्रमाण साधारण ८० आणि २० टक्के असतं. व्हेमधलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन माणसाच्या दुधात तयारच होत नाही. तरी दूध पिणाऱ्या अनेक आयांच्या अंगावरच्या दुधात त्याचे अंश सापडतात, तेही मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमच्या मापात. बहुतेक बाळांना त्याचं काहीच वाटत नाही. थोड्या बाळांची प्रतिकारयंत्रणा मात्र त्याला शत्रू समजते. म्हणून 'लॅक्टोज-फ्री' लिहिलेली पावडर इथे कामाची नाही. साखर काढली तरी दुधाची प्रथिनं त्यात तशीच असतात.

प्रतिकारयंत्रणेच्या या चुकीचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ धोक्याची ठरते. पहिला तडकाफडकीचा. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, क्वचित श्वास घरघरतो आणि बाळ मलूल पडतं. आपल्याकडे हे कधीकधी उष्टावणाच्याच दिवशी दिसतं, कारण तोवर फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाच्या तोंडात गाईचं दूध पहिल्यांदा जातं ते मामाच्या हातच्या खिरीच्या चमच्याने. गांधींबरोबर श्वासाला त्रास होत असेल किंवा बाळ ढिलं पडलं असेल तर अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन मिळेल अशा ठिकाणी लगेच पोचायचं. अ‍ॅलर्जीचं पातळ औषध पाजून वाट बघत बसायचं नाही. या प्रकारात त्वचेवरची टोचणी-चाचणी आणि रक्तातली आयजीई या प्रतिपिंडाची तपासणी उपयोगी पडतात.

दुसरा प्रकार सावकाश चालणारा. त्यात आयजीईचा हात नसतो, म्हणून या चाचण्या कोऱ्या येतात. सुरुवातीच्या प्रसंगातलं बाळ यातल्या सर्वांत सौम्य गटातलं: मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज, शीत शेम-रक्त, बाकी बाळ ठणठणीत. दुसऱ्या गटात लहान आतड्याचं अस्तर झिजतं, जुलाब हटत नाहीत, वजन वाढत नाही. तिसरा गट सर्वांत फसवा. त्याचं इंग्रजी लघुरूप एफपीआयईएस. दूध किंवा सोया पोटात गेल्यावर एक ते चार तासांनी भडाभडा उलट्या सुरू होतात, बाळ पांढरंफटक आणि लुळं पडतं. अंगावर गांधी नाही, श्वासाला त्रास नाही, म्हणून अ‍ॅलर्जी कुणाला सुचत नाही. जंतुसंसर्ग समजून सलाईन लावतात, बाळ काही तासांत तरतरीत होतं आणि पुढच्या वेळी तीच पावडर दिल्यावर पुन्हा तेच घडतं. दुसऱ्यांदा आलेल्या अशा बाळाच्या बाबतीत 'आधी काय पाजलं होतं आणि किती तासांपूर्वी?' एवढा प्रश्न कुणी विचारला तरी निदान हाती लागतं.

या स्पष्ट गटांच्या बाहेर एक मोठा धूसर पट्टा आहे, आणि अतिनिदान तिथेच होतं. बाळ रडतं. बाळ दूध बाहेर टाकतं. गालावर खरबरीत पुरळ येतं. ही तिन्ही लक्षणं दुधाच्या अ‍ॅलर्जीत दिसू शकतात, आणि अ‍ॅलर्जी नसलेल्या बाळांत तर रोज दिसतात. बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. दूध बाहेर टाकणं चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वाधिक असतं. सहाव्या आठवड्यात आईने दूध सोडलं आणि दहाव्या आठवड्यात बाळ शांत झालं, तर श्रेय दूध सोडण्याला मिळतं. त्या काळात दाराला लिंबू-मिरची बांधली असती तरी गुण आलाच असता.

आर्मंड गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ सालीच यावर कडक अट घातली होती: दूध बंद केल्यावर लक्षणं गेली पाहिजेत, परत दिल्यावर ४८ तासांत परतली पाहिजेत, आणि हे तीनदा घडलं पाहिजे. बाळाला तीनदा त्रास द्यायचा ही कल्पना पुढे मागे पडली आणि ते योग्यच झालं. एकदा परत देण्याची अट मात्र आजही टिकून आहे. तिचं महत्त्व डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या अभ्यासात आकड्यांनी दिसतं. १९८५ साली तिथे जन्मलेल्या १,७४९ बाळांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यांपैकी ११७ बाळांमध्ये दुधाच्या अ‍ॅलर्जीची शंका घेण्याजोगी लक्षणं होती. पद्धतशीर तपासल्यावर ती खरी निघाली ३९ जणांत, म्हणजे २.२ टक्के. शंका आलेल्या तिघांपैकी एक खरा. निव्वळ अंगावर पिणाऱ्या ज्या नऊ बाळांना अ‍ॅलर्जी झाली होती, त्या सगळ्यांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत प्रसूतिगृहात पावडरचं दूध पाजलं गेलं होतं. पुढे युरोपातल्या नऊ देशांतल्या सुमारे १२,००० बाळांच्या 'युरोप्रिव्हॉल' पाहणीत, परत देऊन सिद्ध झालेल्या अ‍ॅलर्जीचं प्रमाण पहिल्या दोन वर्षांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं.

याच्याशेजारी इंग्लंडचे आकडे ठेवून बघावेत. २०१८ च्या डिसेंबरात क्रिस व्हॅन टुलेकेन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिलं की २००६ ते २०१६ या दहा वर्षांत अ‍ॅलर्जीवाल्या बाळांसाठीच्या खास पावडरींच्या चिठ्ठ्या वर्षाला सुमारे १ लाख ५ हजारांवरून ६ लाखांच्या वर गेल्या, आणि त्यावरचा सरकारी खर्च ८१ लाख पौंडांवरून ६ कोटी पौंडांच्या पुढे. अ‍ॅलर्जी दहा वर्षांत सहापट झाली, असं मानायला कोणताच आधार नाही. २०२० मध्ये आलेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या देशांची नऊ मार्गदर्शक तत्त्वं तपासली गेली. ती लिहिणाऱ्यांपैकी ८१ टक्के लेखकांनी पावडर बनवणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध असल्याचं स्वतःच नोंदवलं होतं. नऊपैकी सात तत्त्वांनी किरकोळ, सर्वसामान्य लक्षणांतही अ‍ॅलर्जीचा विचार करा असं सुचवलं होतं. मार्गदर्शन चुकीचंच आहे असा याचा अर्थ नाही. पण रडणं, गुळण्या आणि पुरळ यांना गुण देऊन बेरीज करणारी तक्त्यावजा साधनं जेव्हा निदान म्हणून वापरली जातात, तेव्हा त्यामागे कुणाचा फायदा आहे हे विचारायलाच हवं. असे तक्ते तयार करणारेही ते फक्त शंका घेण्यासाठी आहेत असंच सांगतात.

भारतात याबाबत एक कवच आहे. १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर अधिकच, बाळाच्या पावडरींची जाहिरात, फुकट नमुने आणि डॉक्टरांच्या परिषदांना कंपन्यांनी पैसे पुरवणं यांवर बंदी आहे. पण आपल्याकडे अतिनिदानाइतकंच निदान हुकणंही आहे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून गाई-म्हशीच्या वरच्या दुधावर वाढणारं, महिनोन्महिने जुलाब होणारं, काटकुळं झालेलं बाळ 'कुपोषित' म्हणून नोंदलं जातं, आणि त्याला आणखी दूध पाजण्याचा सल्ला मिळतो. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी अशा बाळांमधून दुधाची अ‍ॅलर्जी शोधून काढली आणि विकसनशील देशांनीही हा आजार ओळखायला हवा, असं २०१० साली मांडलं. बालकांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं २०२० मध्ये 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये आली. म्हणजे फ्लॅटमधल्या गुटगुटीत बाळावर नको असताना शिक्का बसतो, आणि ज्याला खरोखर गरज आहे ते बाळ मात्र शिक्क्याशिवायच राहतं.

परत देऊन बघण्याची रीत सौम्य, सावकाश प्रकारात साधी आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईने दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचं सगळं कटाक्षाने टाळायचं. फरक पडला नाही तर दूध दोषी नाही, पथ्य सोडून द्यायचं आणि दुसरं कारण शोधायचं: गुदद्वाराला पडलेली चीर, आईच्या भेगाळलेल्या स्तनाग्रातून बाळाच्या पोटात गेलेलं रक्त, जंतुसंसर्ग. फरक पडला तर आईने पुन्हा दूध प्यायला लागायचं आणि लक्षणं परततात का ते वही घेऊन बघायचं. परतली तर निदान पक्कं. इथे आया थबकतात, आणि ते समजण्यासारखं आहे. कित्येक रात्रींनंतर बाळ शांत झोपायला लागलं आहे, आता हा विस्तवाशी खेळ कशाला? पण त्या एका आठवड्याच्या धाकधुकीपोटी पुढचं वर्षभराचं पथ्य टळू शकतं. बाळ ठणठणीत असेल आणि रक्ताची रेघ एक-दोनदाच दिसली असेल, तर आधी काही दिवस नुसतं लक्ष ठेवायचं, असं म्हणणारे डॉक्टरही आहेत. टाम्पेरेचे आकडे पाहता मला ते पटतं. मात्र रक्त भरपूर असेल, ताप असेल, पोट फुगलं असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा बाळ कळवळून पाय पोटाशी घेत असेल, तर दुधाची चर्चा बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं. आणि तडकाफडकीच्या प्रकारात किंवा एफपीआयईएसमध्ये परत देण्याचा प्रयोग घरी कधीच करायचा नाही. तो रुग्णालयातच व्हायला हवा.

या विषयावर लिहिणारे बाळंतिणीच्या ताटाबद्दल सर्वांत कमी लिहितात. आपल्याकडे अंगावर दूध यावं म्हणून बाळंतिणीवर दुधाचाच मारा असतो: अळिवाची खीर, खसखशीची खीर, शतावरी कल्प घातलेला पेला, झोपताना तूप सोडलेलं गरम दूध. तिला एकाएकी 'दुधाचा थेंब नको' म्हटलं की सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: 'मग बाळाला पुरणार कसं?' पुरतं. अंगावरचं दूध बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं यावर ठरतं, आईने गाईचं दूध पिण्यावर नाही. अळीव ओल्या नारळात आणि गुळात भिजवून लाडू करता येतात, त्यात दुधाचा संबंध नाही. शेंगदाण्याचे, तिळाचे लाडू चालतात. डिंकाच्या लाडवाचं मात्र तुपाशिवाय जमत नाही. घरचं नीट कढवलेलं तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश, पण बेरीतून आलेले प्रथिनांचे अंश त्यात राहू शकतात. म्हणून पहिल्या पडताळणीच्या आठवड्यांत तेही बंद, आणि मग परत आणताना बहुधा पहिला मान तुपाला. वरणभातावर तुपाची धार नसेल तर जेवण अपुरं वाटणाऱ्या घरांत हा महिना कठीण जातो, हे कबूलच करायला हवं.

खरी अडचण मोठ्या पदार्थांची नसते. श्रीखंड, पेढा, पनीर डोळ्यांना दिसतात. चुकतं ते चहात, बिस्किटात, ब्रेडमध्ये, टोस्टमध्ये, हॉटेलच्या ग्रेव्हीत आणि लोण्यावर भाजलेल्या डोशात. पाकिटावर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसिनेट' यांपैकी काहीही असलं तरी ते दूधच. भारतात पाकीटबंद पदार्थात दूध किंवा सोया असेल तर तसं लेबलवर वेगळं जाहीर करणं बंधनकारक आहे. ती बारीक ओळ शोधायची सवय लावावी लागते. हिरव्या ठिपक्याचा इथे उपयोग नाही, त्यात दूध बसतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली आणलेलं व्हीगन चिन्ह दुधापुरतं कामाचं आहे, पण व्हीगन पदार्थांत सोया सर्रास असतं.

पथ्य लांबलं तर आईच्या शरीराचा हिशेब ठेवावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात त्यातलं साधारण साडेतीनशे मिळतं. तीळ आहे, राजगिऱ्याचा पाला आहे, कोकण-गोव्यात काट्यासकट खाता येणारी मांदेली आणि सुकट आहे. एवढं करूनही गोळी लागतेच. त्याहून मोठी काळजी बी-१२ जीवनसत्त्वाची. शुद्ध शाकाहारी बाईला ते मिळण्याचं दूध हेच जवळपास एकमेव साधन. ते तोडलं आणि पूरक औषध दिलं नाही, तर फक्त तिच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला बी-१२ कमी पडतं. अशी बाळं फिकी, सुस्त होतात, शिकलेलं विसरू लागतात, काहींना कंप सुटतो. शीतल्या रक्ताच्या रेघेपेक्षा हे कितीतरी गंभीर. दूध बंद करा असं सांगणाऱ्याने त्याच चिठ्ठीत कॅल्शियम, ड आणि बी-१२ लिहिलं नसेल, तर ती चिठ्ठी अर्धीच आहे. आणि दुधाबरोबर गहू, अंडी, मासे, शेंगदाणे, डाळी असं सगळंच एकदम काढून आईला भात आणि दुधी भोपळ्यावर ठेवणं हा तर सल्ला नव्हेच.

आता सोया. बाळांसाठी सोयाचं पीठ वापरल्याची नोंद बाल्टिमोरचे डॉक्टर जॉन रुराह यांनी १९०९ साली केली आणि दुधाला पर्याय म्हणून सोया रूढ झालं. मग लक्षात आलं की दूध न सोसणाऱ्या काही बाळांना सोयाही सोसत नाही. तडकाफडकीच्या प्रकारात हे प्रमाण १० ते १४ टक्क्यांच्या घरात आढळलं आहे. सावकाश प्रकारात, विशेषतः एफपीआयईएसमध्ये, अमेरिकेतून तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त असे आकडे आले. तिथे दूध आणि सोया या दोन्हींचं नाव एकत्र जोडलं गेलं आणि दोन्ही एकदम बंद करण्याची रीत पडली, त्यामागे हे आहे. पण इस्राएलमधल्या सुमारे १३,००० बाळांच्या पाहणीत दुधाने एफपीआयईएस झालेल्या एकाही बाळाला सोया बाधलं नाही. त्यामुळे अमेरिकेतली जोडी आपण डोळे मिटून उचलू नये. आधी फक्त दूध बंद करावं, पुरेसा फरक पडला नाही तरच सोयाकडे वळावं.

आपल्या स्वयंपाकात सोया टाळणं तसं सोपंही आहे. मराठवाडा-विदर्भात सोयाबीनची शेतंच्या शेतं असली तरी त्यातलं बरंचसं तेलाकडे आणि पेंडीकडे जातं. ताटात प्रथिन म्हणून येतं ते सोया वडी, मल्टिग्रेन आटा, काही बिस्किटं आणि चायनीजच्या गाडीवरचा सॉस यांतून. रिफाइंड सोयाबीन तेलात प्रथिन जवळजवळ नसतं, लेबलवरच्या लेसिथिनमध्येही नगण्य. बहुतेकांना दोन्ही चालतात. उलट घडतं ते असं: दूध सोडलेली शाकाहारी आई प्रथिनांसाठी सोया मिल्क आणि टोफूवर येते, बाळाचा त्रास थोडा कमी होतो पण थांबत नाही. तेव्हा मात्र सोयावर नजर हवी.

अंगावर न पिणाऱ्या बाळासाठी दोन खास पर्याय आहेत. पहिला, दुधाच्या प्रथिनांचे विकरांनी बारीक तुकडे केलेली पावडर. अशी पहिली पावडर १९४२ साली अमेरिकेत बाजारात आली. अ‍ॅलर्जी असलेल्या दहापैकी किमान नऊ बाळांना ती सोसते. वास उग्र, चव कडवट. तीन-चार महिन्यांच्या आतलं बाळ कुरकुर न करता पितं, सातव्या महिन्यातलं तोंड फिरवतं. दुसरा, निव्वळ अमिनो आम्लांची पावडर, तीव्र त्रासासाठी. डब्यावर 'एचए' लिहिलेल्या पावडरीतले तुकडे पुरेसे बारीक नसतात, त्या उपचारासाठी नाहीत. या खास डब्यांची किंमत साध्या पावडरीच्या कितीतरी पट असते आणि ते महिनोन्महिने पुरवणं बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून सहा महिन्यांवरच्या बाळाला सोया पावडर हा आपल्याकडे व्यवहार्य मार्ग ठरतो. युरोपीय तज्ज्ञांनी सहा महिन्यांची अट २००६ साली घातली, सोयातली इस्ट्रोजेनसदृश द्रव्यं आणि खनिजं अडवणारं फायटेट लक्षात घेऊन. जुलाब न थांबणाऱ्या बाळांना आपल्या रुग्णालयांत शिजवून वाटलेल्या चिकनवर आधारलेला आहार देत आले आहेत, आणि तो चालतो.

शेळीचं दूध 'हलकं' म्हणून सुचवलं जातं. गाईचं न सोसणाऱ्या दहांतल्या नऊंहून जास्त बाळांना शेळीचंही सोसत नाही, शिवाय त्यात फोलेट इतकं कमी की त्यावर वाढवलेल्या बाळाला रक्तक्षय होतो. म्हशीच्या दुधाचीही गत तीच. देशी गाईच्या ए-टू दुधाने अ‍ॅलर्जी होत नाही हा दावा विक्रीपुरता खरा. आणि चहासाठी उकळी आणल्याने अ‍ॅलर्जी जात नाही, केसीन त्या उष्णतेला दाद देत नाही. बदामाचं दूध, नारळाचं दूध, तांदळाची पेज यांपैकी काहीही बाळाच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही.

मुळात हा आजार टाळता येतो का? जपानमधल्या दोन चाचण्या एकत्र वाचल्या की डोकं खाजवावं लागतं. २०१९ च्या चाचणीत जन्मानंतरचे पहिले तीन दिवस पावडर टाळलेल्या बाळांमध्ये दुधाची अ‍ॅलर्जी कमी आढळली. २०२० च्या ओकिनावामधल्या चाचणीत पहिल्या ते दुसऱ्या महिन्यात रोज किमान १० मिलिलिटर पावडरचं दूध दिलेल्या बाळांत अ‍ॅलर्जी ०.८ टक्के निघाली, न दिलेल्यांत ६.८ टक्के. ओडेन्सच्या त्या नऊ बाळांची आठवण ठेवली तर दोन्हींचा मेळ असा लागतो की सुरुवातीला चार-दोन वेळा पाजून मग बंद करणं बहुधा सर्वांत वाईट. प्रसूतिगृहात 'अजून दूध उतरलं नाही' म्हणून वाटीभर पावडर पाजायची आणि घरी आल्यावर फक्त अंगावर, ही आपल्याकडची नेहमीची चाल नेमकी तीच आहे.

राहिला दूध परत आणण्याचा भाग. ओडेन्सच्या बाळांपैकी ५६ टक्के पहिल्या वाढदिवसापर्यंत, ७७ टक्के दुसऱ्यापर्यंत आणि ८७ टक्के तिसऱ्यापर्यंत बरी झाली. तडकाफडकीच्या प्रकाराला जास्त वेळ लागतो, शीतून रक्त जाणारी बाळं सर्वांत लवकर सुटतात. म्हणून निदानानंतर सहा महिने किंवा बाळ नऊ ते बारा महिन्यांचं होणं, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा परीक्षा घ्यायची. ब्रिटनमध्ये यासाठी 'दुधाची शिडी' वापरतात, सौम्य आणि सावकाश प्रकारासाठी. पिठात मिसळून भट्टीत बराच वेळ भाजलेलं दूध सर्वांत आधी, कारण त्या उष्णतेने आणि गव्हाच्या संगतीने व्हे प्रथिनांचा आकार बदलतो. न्यूयॉर्कमध्ये दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना अर्धा तास भाजलेला मफिन दिला, तेव्हा चारपैकी तिघांना तो पचला. आपल्या घरात पहिली पायरी दूध असलेल्या साध्या बिस्किटाचा तुकडा, मग कुकरमधला केक, मग दूध घालून केलेलं धिरडं, मग चीज, मग दही आणि शेवटी पेल्यातलं दूध. एकेका पायरीवर काही दिवस थांबायचं. त्रास झाला तर एक पायरी खाली उतरायचं, शिडीच मोडून टाकायची नाही. बाळाला त्या आठवड्यात सर्दी-जुलाब असतील किंवा नुकती लस दिली असेल तर थांबायचं, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

पेल्यातलं दूध पचलं की ते रोजच्या खाण्यात ठेवायचं. चाखवून पुन्हा महिनाभर बंद करण्यात अर्थ नाही. विशेषतः इसब असलेल्या मुलांमध्ये लांबलेल्या पथ्यानंतर अचानक दूध दिल्यावर तडकाफडकीची, तीव्र प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून अशा मुलांत पहिला घोट डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचा. आणि पाळणाघराच्या फॉर्मवर, लसीकरणाच्या फाइलवर, बालवाडीच्या डब्याच्या सूचनेत लिहिलेलं 'मिल्क अ‍ॅलर्जी' त्याच आठवड्यात जाऊन खोडून घ्यायचं, तारखेसकट.